कॉटन मार्केटजवळचं जुन्या पॅनलांचं भंगार दुकान, तीन रविवार घालवल्यानंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू लांब होणार आहे, कारण या दुकानाबद्दल "माल चांगला, भाव जास्त" एवढं लिहून भागत नाही. मेट्रोने कॉटन मार्केट स्टेशनला उतरायचं, लोहापुलाकडे चालत यायचं आणि आतल्या गल्लीत वळलं की एक लांबोळका टिनाचा शेड लागतो. बोर्ड नाही. दुकानाच्या मालक काकांनी नाव टाकू नको म्हटलं म्हणून टाकत नाही, पण बाहेर जुने कूलरचे पंखे आणि यूपीएसचे डबे रचलेले दिसले की समजा पोहोचलात. समोरून बाकीच्या कबाड्यांसारखंच, वायर, मोटारी, बॅटऱ्या, मोठा काटा, पण शेडच्या मागच्या भिंतीला टेकवून जुन्या मशीनींचे फ्रंट पॅनल उभे केलेत, दिव्यांचे, खटक्यांचे, डायलचे, आणि मी गेलो ते त्यांच्यासाठीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साठ-सत्तरच्या दशकात मेनफ्रेम म्हणजे खोलीभर मोठ्या कॉम्प्युटरच्या तोंडावर एक पाटा असायचा, त्यावर ओळीने दिवे आणि खाली खटके, मशीनच्या पोटात त्या क्षणी कोणता आकडा आहे ते दिव्यांत दिसायचं आणि मशीन अडकलं की ऑपरेटर खटक्यांनी एकेक पायरी चालवून पाहायचा. मशीन भंगारात गेलं की आतली सर्किटची कार्ड जायची सोनं काढणाऱ्यांकडे, सांगाडा लोखंडाच्या भावात, आणि पॅनल राहिलं तर राहिलं, कोणाला आवडलं म्हणून. त्यामुळे आज जे पॅनल हातात येतं ते एकटंच येतं, सोबत ना मशीन ना कागद, आणि ते कशाचं होतं हे त्याच्याकडे पाहूनच ओळखावं लागतं. मला हे काम मनापासून आवडतं आणि नागपुरात त्यासाठी शांतपणे बसू देणारी ही एकच जागा मला सापडली आहे.

पहिल्या रविवारी दुकानातल्या पोराने मला हाताला धरूनच एका पॅनलसमोर उभं केलं. "दादा हे पाहा, हे पक्कं कॉम्प्युटरचं होय, लाईट मोजा किती हायेत." लाईट खरंच खूप होते, चौकोनी काचेच्या खिडक्या आठ गुणिले सहा, आणि खाली तीन बटणं. पण खिडक्यांवर कोरलेलं होतं ट्रिप, लो प्रेशर, हाय टेम्परेचर, आणि बटणं होती अ‍ॅक्सेप्ट, रिसेट, लॅम्प टेस्ट. म्हणजे हे वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधलं अलार्म पॅनल, काहीतरी बिघडलं की खिडकी लुकलुकते आणि भोंगा वाजतो, माणसाने अ‍ॅक्सेप्ट दाबलं की भोंगा बंद. आपल्या भागात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर एवढी केंद्रं आहेत, तर असा माल इथे दिसणारच, आणि नागपूर रेल्वेचं एवढं मोठं जंक्शन त्यामुळे सिग्नल केबिनचेही तुकडे दिसतात, त्यावर रुळांचा नकाशा असतो आणि लाल-पिवळा-हिरवा दिवा असतो. हे दोन्ही ओळखायला सोपे. कॉम्प्युटरच्या पॅनलवर प्रेशर, टेम्परेचर, पंप असले शब्द येत नाहीत, तिथे अ‍ॅड्रेस, डेटा, रजिस्टर, स्टोरेज असे येतात. आणि एक फार महत्त्वाचं, वीज केंद्राच्या पॅनलचे बल्ब बहुतेक ११० किंवा २२० व्होल्टचे असतात तर घरी नेऊन मोबाईलच्या चार्जरवर पेटवून पाहायच्या आधी बल्बवरचा आकडा वाचा.

आता मुख्य गोष्ट. पॅनलवर काहीच लिहिलेलं नसेल, छपाई पुसली असेल, दिवेही काढून घेतले असतील, नुसती भोकं उरली असतील तरी ते पॅनल बोलतं. भोकं मोजायची आणि ती किती-कितीच्या गटात आहेत ते पाहायचं. तीन-तीनचे गट असतील तर मशीनवाले ऑक्टलमध्ये (आठच्या पटीतल्या मोजणीत) विचार करत होते, चार-चारचे असतील तर हेक्समध्ये (सोळाच्या). मग एका ओळीत एकूण किती ते मोजा, तो त्या मशीनचा शब्द, म्हणजे ते एका वेळी हाताळतं तेवढे बिट (शून्य किंवा एक दाखवणारे एकेक दिवे). १२ असतील तर डेक या अमेरिकन कंपनीचं पीडीपी-८ जे १९६५ मध्ये आलं, किंवा आपल्या हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचं टीडीसी-१२, तेही बारा बिटचंच. २४ म्हणजे ब्रिटिश आयसीएल १९०० मालिका. ३६ असतील तर आयबीएम ७०४४, युनिव्हॅक ११००, डेकचं पीडीपी-१० असा मोठा माल, आणि आयबीएम ७०४४ आपल्या देशात आयआयटी कानपूरला होतंच. ४८ म्हणजे बरोज नाहीतर सीडीसी ३६००, हे सीडीसी मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ ला आलं. ३७ सारखा विचित्र आकडा आला तर थांबा आणि रशियन अक्षरं शोधा, कारण मिन्स्क-२ चा शब्द ३७ बिटचा आणि मिन्स्क आयआयटी मुंबईला होतं.

यात एक फसवी जागा आहे ती मी स्वतः दोन वर्षांपूर्वी चुकलो म्हणून सांगतो. १६ दिवे दिसले की आपण चार-चारचे गट धरतो, पण पीडीपी-११ चा शब्द १६ बिटचा असूनही त्याचं पॅनल ऑक्टलचं आहे, म्हणजे तीन-तीनचे पाच गट आणि डावीकडे एक एकटा. खटक्यांचे रंगही त्या तिनाच्या हिशोबाने बदलतात. तो एकटा दिवा दिसला की समजायचं. (पीडीपी-११ मेनफ्रेम नाही, मिनी आहे, पण पोरगा सगळ्यांना मेनफ्रेमच म्हणून विकून राहिला म्हणून इथे लिहिलं.) आणि हल्ली पीडीपी-११ च्या प्रतिकृतीचं किट मिळतं, आत रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर असतो, फार सुंदर आहे ते पण मूळच्या साठ टक्के आकाराचं आहे, तर टेप लावा, मूळचं पॅनल १९ इंची रॅकचं.

आणि नऊ-नऊचे गट दिसले तर? मग माझ्या छातीत धडधडतं. आठ बिटचा बाइट आणि त्याच्यासोबत एक पॅरिटीचा (चूक पकडायच्या जादा बिटचा) दिवा, पी लिहिलेला, म्हणजे आयबीएम सिस्टम ३६०. ७ एप्रिल १९६४ ला जाहीर झालेली ही मालिका, बाइट म्हणजे आठ बिट हे जगात इथूनच पक्कं झालं. ३२ बिटच्या शब्दाला ३६ दिवे, चार पॅरिटीचे. घाईत मोजलं तर ३६ बिटचं मशीन वाटतं, म्हणून एकूण आकड्याच्या आधी गट पाहायचा. मॉडेलही पॅनलवरून कळतं, मॉडेल ३० ला ओळीने गोल डायल असतात, आणि मॉडेल ५० ला दिव्यांच्या ओळीशेजारी फिरणारे रूळ (रोलर) असतात, रूळ फिरवला की त्याच दिव्यांखालची नावं बदलतात, म्हणजे एकाच ओळीत किती तरी रजिस्टर (मशीनमधले आकडे ठेवायचे कप्पे) पाहता यायची, किती हुशारीने जागा वाचवलीय. उजव्या वरच्या कोपऱ्यात लाल रंगाचा इमर्जन्सी पुल म्हणजे ओढायचा खटका, ओढला की सगळी वीज बंद आणि पुन्हा आत ढकलायचा म्हटलं तर मेन्टेनन्सवाल्याला पॅनल उघडूनच ते करावं लागायचं. आणि तासांचे मीटर, कारण मशीन भाड्याने असायची आणि वापराचे तास मोजले जायचे. हे तिन्ही एकत्र दिसले तर ओळखायला काही शिल्लक राहत नाही. या दुकानात ३६० नाही हेही सांगतो, उगाच आशेने येऊ नका.

शब्दांवरूनही घराणं कळतं. आयबीएमवाले मेमरी म्हणत नाहीत, स्टोरेज म्हणतात, आणि बिघाडाला एरर न म्हणता चेक म्हणतात. ब्रिटिश मशीनवर नुसतं स्टोअर. डेकच्या खटक्यांवर एक्झाम, डेप, कंट, असे तोडलेले शब्द. रशियन मालावर पुस्क आणि स्तोप, आपल्या स्टार्ट-स्टॉपसारखेच पण अक्षरं वेगळी. मी काकांना हे एका पुठ्ठ्यावर लिहून दिलं, त्यांनी तो भिंतीला खिळा ठोकून लावला आहे, पाहून घ्या.

या दुकानाला मी चार तारे देतो ते मात्र पॅनलच्या मागच्या बाजूसाठी. बाकी कबाडी पॅनल आलं की आधी मागून तांबं ओरबाडतात, इथे काका तसं करू देत नाहीत. पाठीमागे वायरचा जुडगा मेणाच्या दोऱ्याने दर इंचाला गाठ मारून बांधलेला असतो, तो जसाच्या तसा. स्क्रू पाहा, आपला मेट्रिक नट सहज बसला तर युरोप, रशिया किंवा भारतीय माल, नाही बसला तर अमेरिकन इंची आटे, आणि दोन्ही नाही बसले तर जुन्या ब्रिटिश मालाचे बीए आटे तपासा, मी खिशात तीन प्रकारचे नट घेऊनच फिरतो. सोबत एखादं कार्ड लटकत राहिलं असेल तर सोनं, कारण त्यावर अर्ध्या इंचाचे चौकोनी अ‍ॅल्युमिनियमचे डबे असतील आणि त्यावर ३६१ ने सुरू होणारा सहा अंकी नंबर असेल तर ती सिस्टम ३६० च्या काळातली एसएलटी, आणि छोट्या कार्डावर सुटे ट्रान्झिस्टर असतील तर त्याआधीची एसएमएस, ही दोन्ही आयबीएमच्या कार्डांची नावं.

दिव्यांकडेही वाकून पाहा. काचेत केसाएवढी तार असेल तर साधा बल्ब, दोन बारीक काड्या शेजारी-शेजारी उभ्या असतील तर निऑन, तो नारिंगी पेटतो आणि त्याला ६०-७० व्होल्टच्या वर लागतं.

आता माझ्या खरेदीकडे येतो. दुसऱ्या रविवारी, मे महिना, सकाळी साडेनऊलाच टिन तापून राहिला होता, मी निघायच्या बेतात होतो आणि फोटोकॉपी मशीनच्या झाकणांमागे एक राखाडी तुकडा दिसला. तुकडाच, कारण कोणीतरी गॅस कटरने मधोमध कापलेला. काका म्हणाले लॉटमध्ये असाच आला, कोणत्या ऑक्शनमधून ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, पण ज्याने कापला त्याच्यावर माझा आजही राग आहे, ट्रकमध्ये बसत नव्हता म्हणून कापला म्हणे, चार स्क्रू काढले असते तर पूर्ण निघाला असता. डाव्या बाजूला दिव्यांची एक उभी ओळ उरली होती आणि त्यावर धूळ पुसल्यावर अक्षरं दिसली. सी, बी, ए, ८, ४, २, १. बस. मी तिथेच उकिडवा बसलो.

कारण ही अक्षरं बाइटची नाहीत आणि ऑक्टलचीही नाहीत. ही पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदायच्या कार्डांच्या घराण्याची आहेत. ८-४-२-१ म्हणजे आकडा, बी आणि ए म्हणजे कार्डाच्या वरच्या भागातली भोकं जी आकड्याला अक्षर बनवतात, इंग्रजी ए काढायचा तर बी, ए आणि १ पेटतील, इंग्रजी जे काढायचा तर बी आणि १, आणि सी हा चेक बिट, पेटलेल्या दिव्यांची बेरीज विषम राहावी म्हणून. शेजारी वर्ड मार्कचा दिवा. वर्ड मार्क म्हणजे शब्द कुठे संपतो त्याची खूण, कारण या मशीनला ठराविक लांबीचा शब्दच नव्हता, नाव मोठं असेल तर मोठं, छोटं असेल तर छोटं. असं मशीन म्हणजे आयबीएम १४०१. १९५९ ला आलं, दहा हजारांहून जास्त बनली, आणि आपल्याकडे रेल्वेच्या झोनल हापिसांत पगार आणि हिशोब यावरच चालायचे. मोठमोठ्या मशीनींचे फोटो सगळे टाकतात पण भारतात खऱ्या अर्थाने कामाला जुंपलेलं मेनफ्रेम कोणतं विचाराल तर माझ्या मते हेच.

खालच्या बाजूला सात टॉगल, ए ते जी. मी लगेच मोबाईलवर फोटो काढून बाबांना पाठवला. बाबा आता ८२ चे आहेत, नोकरीची सुरुवातीची वर्षं मुंबईला एका सरकारी हापिसात पंचकार्डाच्या विभागात होते, त्याबद्दल घरी फारसं बोलायचे नाहीत. दोन मिनिटांत फोन आला. "तो पहिला खटका पाहिलास? ए? तो शेवटच्या कार्डाचा. तो वर नसला तर गठ्ठा संपला हे मशीनला कळतच नाही, आम्हाला साहेब त्यावरून बोलायचे." मी एक शब्द सांगितला नव्हता कोणतं मशीन आहे ते. सेन्स स्विच, म्हणजे हेच खटके, सात आणि पहिला लास्ट कार्डचा, हे १४०१ चंच. पुस्तकातून मी जे ओळखलं ते त्यांनी बोटांच्या आठवणीतून ओळखलं, आणि माझ्यासाठी खरी पक्की ओळख तीच झाली.

भावाची कहाणी. मी उकिडवा बसलो ते पोराने पाहिलं आणि तिथेच भाव चढला, अर्ध्या तासापूर्वी किलोवर म्हणत होता तो आता नगावर आला. चार हजार म्हणाला. मी म्हटलं अर्धा आहे, कापलेला आहे, दोन दिवे फुटलेत. शेवटी काका उठून आले, म्हणाले, "किती वेळ बसून राहिले हे भाऊ त्याच्यापाशी, याह्यले समजते ते. अठराशे घे बापू आन् देऊन टाक." अठराशेला दिला, यूपीआय चालतं, पिशवी नाही, जुन्या साडीत गुंडाळून दोरी बांधून दिला आणि मेट्रोत नेऊ का म्हणून मीच घाबरलो म्हणून ऑटोने आणला. माझ्या मते भाव रास्त, पण तुम्ही जाल तेव्हा चेहरा सांभाळा.

आता तक्रारी, कारण एक तारा कापलाय तो उगाच नाही. पहिली आणि सगळ्यात मोठी, पोरगा पॅनल "चमकवतो". थिनरचं फडकं घेऊन घासतो आणि छापलेली अक्षरं निघून जातात. माझ्यासमोर एका पॅनलची अर्धी नावं अशी गेली, ते बारा दिव्यांचं होतं आणि आता त्याची फक्त भोकं मोजता येतील. मी काकांना हात जोडून सांगितलं की सुका ब्रश, फार तर ओला कापूस, थिनर नाही, त्यांनी ऐकलं, पोराला माझ्यासमोरच बोलले, तिसऱ्या रविवारी थिनरची बाटली दिसली नाही. दुसरी, उजेड नाही, टॉर्च न्या, आणि तिरपा मारा, पुसलेल्या छपाईचा ठसा सरळ उजेडात दिसत नाही तो तिरप्या उजेडात दिसतो. तिसरी, परतीचा प्रश्नच नाही, उचललं की तुमचं. आणि उन्हाळ्यात अकराच्या आत परत फिरा, शेडमध्ये एक कूलर आहे पण तो काकांच्या खुर्चीकडे आहे.

खरेदी न करता दोन तास बसलं तरी कोणी हटकत नाही हे मात्र मुद्दाम लिहितो. पहिल्या रविवारी मी एक पैशाचा माल घेतला नव्हता, तरी काकांनी चहा पाजला आणि "पायून घ्या, कोन्ती घाई हाय" म्हणाले. दुसऱ्या एका दुकानात, नाव नाही घेत, पॅनलला हात लावायच्या आधी पैसे मोजायला लावले होते आणि घरी आल्यावर ते लिफ्टचं निघालं.

जाताना कागद, पेन्सिल आणि टेप न्या, भोकांचं चित्र जागेवरच काढा, गट आणि अंतरासकट, फोटोत भोकं तिरपी येतात आणि घरी मोजताना गोंधळ होतो. कोणाकडे १४०१ च्या पॅनलचा उरलेला अर्धा भाग असेल, वरचा, रजिस्टरांचा नकाशा काढलेला, कडेला गॅस कटरचा काळा डाग असलेला, तर मला नक्की सांगा, मी नागपूरबाहेरही यायला तयार आहे. बाबांनी त्या सात खटक्यांना तेल घातलंय, ए जरा जाम होता तोही आता टक् करून वर जातो, आणि येत्या रविवारी ते स्वतः दुकानात येणार म्हणतात, मी काकांना फोन करून एक खुर्ची कूलरसमोर ठेवायला सांगितलं आहे.